णमोकार मंत्राचे रोजचे लेखन आणि जप : वही, माळ आणि श्वास यांची सविस्तर पद्धत

कृष्णा आणि वारणा यांच्या खोऱ्यात, सांगली-मिरजेपासून समडोळी, दुधगाव, आष्ट्यापर्यंतच्या जैन घरांत वाढलेल्या कोणालाही णमोकार मंत्र नेमका कधी पाठ झाला हे सांगता येत नाही. आज्जीच्या मांडीवर, बस्तीत (जैन मंदिरात) दर्शनाला जाता-येता, पाठशाळेत तो कानावर पडत राहतो आणि अक्षरओळख होण्याआधीच जिभेवर बसतो. या सहजतेचा लाभ मोठा आहे, तशी तिच्यात एक अडचणही आहे. जे इतके पाठ असते ते म्हणताना मन लागतेच असे नाही. ओठ मंत्र म्हणत असतात आणि मन मार्केट यार्डातल्या हळदीच्या दरामागे, मुलाच्या फीमागे किंवा रात्री येणाऱ्या शेतीच्या विजेमागे गेलेले असते. माळ पूर्ण होते, १०८ चा आकडा भरतो, परंतु त्यांतले किती जप जाणिवेने झाले हे जप करणाऱ्यालाच सांगता येत नाही.

पुढे दिलेली पद्धत या एका अडचणीसाठी आहे. तिच्यात आधी थोडे लेखन, मग मोजका जप आणि शेवटी कायोत्सर्ग, म्हणजे देहाची ममता सोडून स्थिर राहणे, असा क्रम आहे. लेखन आधी ठेवण्याचे कारण असे की, भरकटलेले मन जपात लपून राहते, कागदावर मात्र ते उमटते. रोजच्या पानावर आपले लक्ष कोठे सुटले हे डोळ्यांनी दिसू लागले, की त्यानंतरचा जप आपोआप बदलतो. सजगतेचा अभ्यास म्हणून आज जे शिकवले जाते, त्याची सगळी साधने आपल्या घरात आधीपासून आहेत. ती नीट वापरण्याचा प्रश्न आहे.

मंत्र आधी नीट पाहावा

वही उघडण्यापूर्वी एक दिवस केवळ मंत्र पाहण्यासाठी द्यावा. छापील पाठ समोर ठेवून तो अक्षर-अक्षर वाचावा.

णमो अरिहंताणं
णमो सिद्धाणं
णमो आइरियाणं
णमो उवज्झायाणं
णमो लोए सव्व साहूणं

पाच पदांची अक्षरे अनुक्रमे ७, ५, ७, ७ आणि ९ अशी आहेत आणि त्यांची बेरीज ३५ होते. ही मोजणी आपल्या परंपरेने इतकी जपली आहे की णमोकार पैंतीसी व्रतातले ३५ उपवास याच अक्षरांवर बेतलेले आहेत : ७ सप्तमींचे, ५ पंचमींचे, १४ चतुर्दशींचे आणि ९ नवमींचे. लेखन करणाऱ्याने आणखी दोन गोष्टी मोजून ठेवाव्यात. संपूर्ण मंत्रात सहा अनुस्वार आहेत, त्यांपैकी दोन पहिल्या पदात आणि उरलेल्या चार पदांत प्रत्येकी एक. आणि जोडाक्षरे तीन आहेत, ती म्हणजे ‘द्धा’, ‘ज्झा’ आणि ‘व्व’. पुढे पान तपासताना हे सहा आणि तीन हेच आकडे कामाला येतात.

अर्थाविना लेखन केले तर ते सुलेखनाचा सराव होऊन राहील, म्हणून अर्थही पाहून घ्यावा. आत्म्याचे गुण झाकणाऱ्या चार घातिकर्मांचा क्षय करून केवलज्ञान, म्हणजे संपूर्ण ज्ञान, मिळवलेले ते अरिहंत. आठही कर्मांपासून मुक्त झालेले, देहरहित ते सिद्ध. स्वतः आचार पाळून संघाकडून तो पाळून घेणारे ते आचार्य. शास्त्राचे अध्ययन करणारे आणि इतरांना ते शिकवणारे ते उपाध्याय. आणि आत्मसाधनेत मग्न असलेले ते साधू. शेवटच्या पदातील ‘लोए’ आणि ‘सव्व’ हे दोन शब्द केवळ साधूंपुरते नसून पाचही पदांना लागू होतात, असे आचार्य वीरसेनांनी षट्खंडागम या प्राचीन दिगंबर ग्रंथावरील धवला टीकेत स्पष्ट केले आहे. हे ध्यानात घेतले तर शेवटची ओळ लिहिताना हात आपोआप सावकाश होतो, कारण ती ओळ मागच्या चारही ओळींना आपल्यात घेते.

या मंत्रात कोणा एका व्यक्तीचे नाव नाही आणि कशाची मागणीही नाही. षट्खंडागमाचे मंगलाचरण म्हणून तो येतो, आणि ओडिशातील उदयगिरीच्या हाथीगुंफा लेखात, म्हणजे कलिंगाचा राजा खारवेल याच्या काळात, अरहंत आणि सर्व सिद्ध यांना केलेला नमस्कार शिळेवर कोरलेला आजही वाचता येतो. मंत्र लिहून काढण्याची परंपरा किती जुनी असू शकते हे कळण्यासाठी तो शिलालेख पुरेसा आहे. मागणी नसल्यामुळे मनाला फळाकडे धावण्यास वाव कमी राहतो, आणि रोजच्या सजग अभ्यासासाठी हा मंत्र इतका योग्य असण्याचे मुख्य कारण मला हेच वाटते.

पाठभेदांवरून वाद करण्यात वेळ घालवू नये. काही घरांत ‘अरहंताणं’ म्हणतात, काही ठिकाणी ‘आयरियाणं’ लिहितात. सांगली शहरातील श्वेतांबर कुटुंबांत हाच मंत्र नवकार म्हणून, ‘एसो पंच’ या चूलिकेसह (शेवटी जोडलेल्या भागासह) नऊ पदांचा आणि ६८ अक्षरांचा म्हटला जातो. ज्याने आपल्या घरात आणि गुरूंकडून जो पाठ घेतला असेल तोच त्याने लिहावा. मात्र एकदा ठरवलेला पाठ मध्येच बदलू नये, कारण तसे केल्यास चूक कोणती आणि पाठभेद कोणता हे पानावर ओळखता येत नाही.

जागा, वेळ आणि वही

पूर्वेकडे किंवा उत्तरेकडे तोंड करून, चटईवर किंवा लाकडी पाटावर बसावे. गुडघे दुखत असतील तर खुर्ची चालते. बसण्याआधी जागा मऊ फडक्याने हलक्या हाताने पुसून घ्यावी आणि मुंगी किंवा किडा नाही ना हे पाहावे. ही यतना, म्हणजे जीवांना इजा होऊ न देण्याची काळजी, अभ्यासाची पहिली पायरी आहे, तिला पूर्वतयारी समजून घाई करू नये. पावसाळ्यात दिव्याभोवती कीटक फार येतात, त्यामुळे आषाढ ते आश्विन या काळात लेखन शक्यतो दिवसाच्या उजेडात करावे आणि संध्याकाळी केवळ जप ठेवावा.

वेळ सकाळची उत्तम, परंतु घराघराची सकाळ वेगळी असते. ज्यांना पहाटे धारा काढून डेअरीला दूध घालायचे असते, त्यांनी दूध घालून आल्यावर आंघोळ आणि दर्शन झाले की बसावे. मुलांचे डबे करणाऱ्या गृहिणीला सकाळी सातला शांत वेळ मिळेल असे गृहीत धरणे अन्यायाचे आहे. तिने मुले शाळेत गेल्यानंतरची वीस मिनिटे घ्यावीत, आणि घरातल्यांनी ती वीस मिनिटे तिच्याकडे काही मागू नये. वेळ कोणतीही असो, ती रोज तीच असावी. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा.

वहीसाठी साधी शंभर पानी एकरेघी वही पुरते. ज्यांचे अक्षर लहान-मोठे होते त्यांनी दुरेघी वही घ्यावी. प्रत्येक पद स्वतंत्र ओळीवर आणि पाच ओळींनंतर एक ओळ मोकळी अशी मांडणी ठेवली, तर एका मंत्राला सहा ओळी लागतात आणि एका पानावर तीन मंत्र सहज बसतात. बारीक अक्षरात पान भरून टाकण्याचा मोह टाळावा. शाईचे पेन असेल तर चांगले, कारण ते हाताला थोडे थांबवते. बॉलपेन वेगाने पळते, तरी तेही चालेल. पाच पदे पाच रंगांत लिहिण्याची पद्धत मुलांसाठी चांगली आहे, त्यांना पाच परमेष्ठी, म्हणजे अरिहंतांपासून साधूंपर्यंतचे पाच वंदनीय, ओळखू येतात. मोठ्यांनी एकच शाई ठेवावी, नाहीतर मन पेने बदलण्यात रमते.

ही वही हिशेबाच्या, दुधाच्या किंवा उधारीच्या वहीबरोबर ठेवू नये. तिला सुती कापडाचे वेष्टन असावे आणि ती जमिनीवर न ठेवता चौरंगावर ठेवून लिहावे.

लेखन कसे करावे

पहिले आठ दिवस रोज तीनच मंत्र, म्हणजे एकच पान लिहावे. अक्षरामागे साधारण दीड-दोन सेकंद धरली तर एका मंत्राला एक मिनिट लागते, म्हणजे हे काम तीन-चार मिनिटांत होते. इतके थोडे लिहून काय होणार असे वाटेल, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एकदम चार पाने लिहून काढावीत अशी उमेदही येईल. ती आवरावी. आठ दिवसांनंतर नऊ मंत्र, म्हणजे तीन पाने, ही रोजची मर्यादा ठेवावी. त्याला दहा ते बारा मिनिटे लागतात आणि शंभर पानी वही सुमारे महिनाभर पुरते. त्यापुढे संख्या वाढवण्याची गरज बहुतेकांना नसते.

प्रत्यक्ष लिहिताना पुढील क्रम पाळावा. बसल्यावर लगेच पेन उचलू नये. तीन श्वास सावकाश घेऊन सोडावेत आणि हात जोडून वहीला नमस्कार करावा. मग श्वास आत घ्यावा आणि तो सोडत सोडत, ओठ हलतील पण शेजारच्याला ऐकू जाणार नाही अशा आवाजात, एकेक अक्षर उच्चारत ते अक्षर काढावे. ओळ लांब आहे, ती एका उच्छ्वासात पुरणार नाही. अशा वेळी ‘णमो’ नंतर थांबावे, श्वास घ्यावा आणि पुढचा शब्द लिहावा. आवाज आणि हात एकाच अक्षरावर असावेत. जीभ पुढे गेली आणि हात मागे राहिला, असे पहिल्या आठवड्यात सतत होते. तसे जाणवले की जिभेने थांबून हाताची वाट पाहावी.

अनुस्वाराकडे विशेष लक्ष द्यावे. ‘णं’ चा नाद ओठांत मिटत असताना त्याच क्षणी टिंब द्यावे. सगळी ओळ किंवा सगळे पान लिहून झाल्यावर टिंबे देत सुटणे ही सवय अनेकांना असते, कारण शाळेत घाईने लिहिताना तीच लागलेली असते. सहा अनुस्वार म्हणजे एका मंत्रात सहा वेळा नाद संपताना त्याच्याबरोबर थांबण्याची संधी आहे, आणि नऊ मंत्रांत ती ५४ वेळा मिळते. या अभ्यासातील सर्वांत सोपी आणि सर्वांत फलदायी गोष्ट कोणती असे विचारले तर मी हीच सांगेन.

एक पद पूर्ण झाले की पुढच्या ओळीकडे हात नेताना त्या पदाचा अर्थ क्षणभर मनात आणावा. अरिहंत लिहून झाले की बस्तीतल्या मूलनायकाची (मुख्य तीर्थंकरांची) प्रतिमा डोळ्यांसमोर आणता येते. सिद्धांना आकार देऊ नये; तेथे केवळ निर्मळ, मोकळा अवकाश मनात असावा. आचार्यपदासाठी आपल्या भागाला एक मोठा आधार आहे : चारित्रचक्रवर्ती शांतिसागर महाराजांना आचार्यपद १९२४ साली सांगलीजवळच्या समडोळी येथेच मिळाले. उपाध्याय आणि साधू या पदांसाठी आपण चातुर्मासात ज्यांचे दर्शन घेतले, ज्यांच्याकडून काही ऐकले, त्यांचे स्मरण करावे. हे स्मरण एका श्वासापेक्षा लांबवू नये, नाहीतर चातुर्मासाच्या आठवणींची साखळी सुरू होते आणि पेन तसेच हातात राहते.

चूक झाली तर खोडू नये. मंत्राच्या अक्षरांवर काट मारणे अविनय वाटतो आणि शिवाय खोडल्यामुळे चूक दिसेनाशी होते. समासात पेन्सिलीने एक बारीक खूण करावी, मंत्र पूर्ण करावा आणि खालच्या मोकळ्या ओळीवर ते एकच पद शुद्ध लिहावे. मोकळी ओळ ठेवण्याचे हे दुसरे कारण आहे.

पान तपासताना

लेखन संपल्यावर एक मिनिट पान पाहण्यासाठी राखून ठेवावे. हे मिनिट वगळले तर सगळ्या पद्धतीचा अर्धा लाभ गेला असे समजावे.

प्रथम प्रत्येक मंत्रातील सहा टिंबे आणि तीन जोडाक्षरे पाहावीत. ‘सिद्धाण’, ‘उवझायाणं’, ‘साहुणं’ ही नेहमीची चुकलेली रूपे आहेत, आणि ‘ण’ च्या जागी ‘न’ येणे हीदेखील दिगंबर पाठ लिहिणाऱ्यांची नित्याची चूक आहे. पाठ ठाऊक असूनही ही चूक झाली असेल, तर त्या क्षणी मन तेथे नव्हते एवढाच त्याचा अर्थ घ्यावा. मग अक्षरांचा आकार पाहावा. पहिल्या मंत्राची अक्षरे सुटी आणि गोल, तर तिसऱ्याची आडवी आणि पसरट दिसली तर मध्ये कोठेतरी घाई शिरली आहे. पाचही ‘णमो’ एकाखाली एक आधीच लिहून मग पुढचे शब्द भरलेले दिसले तर ते लेखन मोजण्यासाठी झाले, नमस्कारासाठी झाले नाही. मुलांच्या वह्यांत असे बहुधा दिसते. त्यांना रागावण्याऐवजी त्या दिवशी एकच मंत्र त्यांच्याबरोबर बसून लिहावा.

पद गळणे किंवा दोनदा येणे ही चूक प्रामुख्याने तिसऱ्या आणि चौथ्या पदांत संभवते. दोन्ही सात अक्षरांची आहेत, दोन्हींचा आरंभ आणि शेवट सारखा आहे, आणि मंत्राच्या मध्यावर लक्ष सर्वांत सैल असते. समासातील खुणा आठवड्यातून एकदा एकत्र पाहिल्या तर आपले मन कोणत्या पदावर आणि कितव्या मंत्रानंतर सुटते याचा ठसा स्पष्ट होतो. मग जप करताना त्याच जागी सावध राहता येते. पान असे वाचणे म्हणजे डॉक्टरांनी नाडी पाहण्यासारखे आहे : नाडी जलद लागली म्हणून कोणी रोग्याला दोष देत नाही.

लेखनानंतरचा जप

वही मिटून, वेष्टनात ठेवून, त्याच आसनावर जपाला बसावे. आरंभी माळ घेऊ नये. पहिल्या महिन्यात नऊ मंत्रांचा जप पुरेसा आहे आणि तो श्वासावर करावा. त्याची परंपरागत रीत अशी आहे की एका मंत्राला तीन श्वासोच्छ्वास लागतात. श्वास घेताना ‘णमो अरिहंताणं’, सोडताना ‘णमो सिद्धाणं’. पुन्हा घेताना ‘णमो आइरियाणं’, सोडताना ‘णमो उवज्झायाणं’. तिसऱ्यांदा घेताना ‘णमो लोए’ आणि सोडताना ‘सव्व साहूणं’. नऊ मंत्रांचे २७ श्वासोच्छ्वास होतात, आणि कायोत्सर्गाचे प्रमाण म्हणून आपल्याकडे हीच संख्या सांगितली जाते. सामान्य गतीने याला दोन मिनिटे लागतात. श्वास ओढून लांबवू नये, रोखून धरू नये. मंत्राने श्वासाच्या गतीने चालावे. सर्दी असेल, दम लागत असेल किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर श्वासाचा हिशेब सोडून नुसते मनातल्या मनात म्हणावे.

उच्चाराच्या तीन पायऱ्या आहेत. स्पष्ट ऐकू येईल असा वाचिक जप, केवळ ओठ हलतात असा उपांशु जप आणि ओठही न हलता होणारा मानस जप. यांपैकी मानस जप श्रेष्ठ मानला जातो, तरी नवीन माणसाने थेट तेथून सुरुवात करू नये. मन थकलेले किंवा चिडलेले असेल त्या दिवशी पहिले तीन मंत्र मोठ्याने, पुढचे तीन ओठांत आणि शेवटचे तीन मनात असे उतरत जावे.

बोटांवरचा जप आपल्या घरातल्या मोठ्या माणसांकडून शिकून घ्यावा. उजव्या हाताच्या चार बोटांची बारा पेरे अंगठ्याने मोजायची आणि प्रत्येक बारा झाल्यावर डाव्या हातावर एक मोजायचा. असे नऊ झाले की १०८ होतात. ज्यांना डोळे मिटून चित्र उभे करणे जमते त्यांनी कमलजाप करावा : हृदयस्थानी आठ पाकळ्यांचे कमळ कल्पावे, प्रत्येक पाकळीवर बारा आणि मध्यभागी कर्णिकेवर बारा बिंदू मानावेत आणि एकेका बिंदूवर एकेक मंत्र ठेवत जावे. नऊ गुणिले बारा हा हिशेब तोच, पण बिंदू चुकला की लगेच कळते. मोजण्याचे काम मनालाच दिल्यामुळे त्याला बाहेर जायला सवड मिळत नाही.

माळ दुसऱ्या महिन्यापासून घ्यावी. सुताची माळ सर्वांत चांगली; ती हलकी असते, तिचा आवाज होत नाही आणि ती दिखाऊ नसते. माळ छातीजवळ धरावी, नाभीच्या खाली लोंबू देऊ नये. वरचे तीन मणी रत्नत्रयाचे असतात, त्यांवर सम्यग्दर्शन, सम्यग्ज्ञान आणि सम्यक्चारित्र यांना नमस्कार करून पुढे जावे. श्वासावर एक पूर्ण माळ करायची तर ३२४ श्वासोच्छ्वास होतात, म्हणजे वीस ते पंचवीस मिनिटे लागतात. पाच मिनिटांत माळ होत असेल तर ती श्वासावर झालेली नाही.

१०८ मण्यांचा अर्थ

१०८ ही संख्या कोठून आली हे माहीत असेल तर माळ हातात घेतानाच मन जागे होते. तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात जीवाच्या आश्रयाने होणारे आस्रवाचे, म्हणजे कर्म आत येण्याचे, १०८ प्रकार सांगितले आहेत. संरंभ, समारंभ, आरंभ हे तीन. मन, वचन, काय हे तीन. स्वतः करणे, करवून घेणे, करणाऱ्याला संमती देणे हे तीन. आणि क्रोध, मान, माया, लोभ हे चार. यांचा गुणाकार १०८ होतो.

हे नुसते गणित राहू नये म्हणून आपल्या जगण्यातले एक उदाहरण घ्यावे. शेताच्या बांधावरून भावकीत वाद आहे. त्याला धडा शिकवायचा असे मनाने ठरवणे हा संरंभ. त्यासाठी मोजणीचे कागद, माणसे, बोलणी जुळवणे हा समारंभ. आणि प्रत्यक्ष बांध कोरायला सुरुवात करणे हा आरंभ. तेच मी स्वतः करीन, गड्याकडून करवीन किंवा दुसऱ्याने केले ते बरे झाले म्हणेन. तेच रागाने करीन, प्रतिष्ठेसाठी करीन, गोड बोलून कपटाने करीन किंवा दोन हात जमिनीच्या लोभाने करीन. एका बांधावरून कर्म आत येण्याची इतकी दारे उघडतात. ज्या दिवशी असा काही प्रसंग मनात घोळत असेल, त्या दिवशी जपापूर्वी क्षणभर थांबून आपण यांपैकी कोणत्या दारात उभे आहोत एवढे ओळखावे आणि मग माळ सुरू करावी. प्रसंग सोडवण्याचा प्रयत्न जपात करू नये.

मन सरावले की : आनुपूर्वी मोडून

दोन-तीन महिन्यांनी लेखनही हाताला सरावते आणि पुन्हा तीच जुनी अडचण उभी राहते. यासाठी परंपरेत अनानुपूर्वी, म्हणजे नेहमीचा क्रम (आनुपूर्वी) मोडून म्हणणे, आहे. पाच पदांना १ ते ५ असे अंक द्यावेत आणि ती क्रम बदलून म्हणावीत. पाच अंकांच्या १२० मांडण्या होतात, आणि अनानुपूर्वीच्या छोट्या पुस्तिकेत त्या सहा-सहा ओळींच्या वीस कोष्टकांत दिलेल्या असतात. पहिल्या कोष्टकाच्या ओळी १२३४५, २१३४५, १३२४५, ३१२४५, २३१४५ आणि ३२१४५ अशा आहेत. ३ दिसला की ‘णमो आइरियाणं’, १ दिसला की ‘णमो अरिहंताणं’ असे म्हणत जायचे. मन क्षणभर जरी सुटले तरी जीभ सवयीच्या पदाकडे वळते आणि अडखळते.

लेखनात ती अशी आणावी : नऊ मंत्रांपैकी पहिले तीन नेहमीच्या क्रमाने आणि पुढचे सहा त्या दिवसाच्या कोष्टकाप्रमाणे. रोज एक कोष्टक घेतले तर वीस दिवसांत सर्व मांडण्या लिहून होतात. मात्र ज्यांना मूळ क्रमातच अजून चुका होतात त्यांनी याकडे वळू नये.

वेळ फार थोडा असेल त्या दिवसासाठी लहान रूपे आहेत. द्रव्यसंग्रह या ग्रंथात ३५, १६, ६, ५, ४, २ आणि १ अक्षरांच्या परमेष्ठिवाचक मंत्रांचा उल्लेख आहे : ‘अरिहंत सिद्ध आइरिय उवज्झाय साहू’ हा सोळा अक्षरी, ‘अरिहंत सिद्ध’ हा सहा अक्षरी, ‘अ सि आ उ सा’ हा पाच अक्षरी, ‘अरिहंत’ हा चार अक्षरी, ‘सिद्ध’ हा दोन अक्षरी आणि ‘ओम्’ हा एकाक्षरी. एसटीत, बँकेच्या रांगेत, दवाखान्यात नंबर येईपर्यंत पाच अक्षरी मंत्र मनात म्हणणे सहज जमते.

रात्रीची पाच प्रश्नांची तपासणी

सामायिकाचे, म्हणजे ठरावीक वेळ समभावाने बसण्याच्या व्रताचे, पाच अतिचार (दोष) तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत, आणि ते या अभ्यासाला तंतोतंत लागू पडतात. मन, वचन आणि काय यांची चुकीची प्रवृत्ती हे तीन, अनादर हा चौथा आणि स्मृत्यनुपस्थान, म्हणजे काय करत होतो याचाच विसर पडणे, हा पाचवा. झोपण्यापूर्वी स्वतःला पाच प्रश्न विचारावेत. आज लिहिताना मन कोठे गेले होते? उच्चार अशुद्ध किंवा घाईचा झाला का? अंग सतत हलत होते का? एकदाचे उरकावे अशा भावनेने बसलो का? कितवा मंत्र चालू आहे हे मध्येच विसरलो का?

उत्तरे लिहिण्याची गरज नाही. पाचही उत्तरे रोज चांगली येत असतील तर तपासणी वरवरची होत आहे असे समजावे. यांतला अनादर हा ओळखायला सर्वांत कठीण, कारण त्या दिवशीचे पान शुद्ध आणि माळ पूर्ण असते. तो ओळखण्याची खूण अशी की, उठल्याबरोबर सुटल्यासारखे वाटते. असे सलग काही दिवस वाटले तर संख्या निम्मी करावी आणि वेळ तेवढाच ठेवावा.

वर्षभर टिकवण्यासाठी

द्राक्षबागायतदाराच्या घरी ऑक्टोबरच्या फळछाटणीत आणि एप्रिलच्या खरड छाटणीत, हळद करणाऱ्यांकडे काढणी-शिजवणीच्या दिवसांत, ऊसवाल्यांकडे तोड आल्यावर रोजचा दिनक्रम मोडतोच. त्या काळासाठी ‘एक मंत्र लिहीन आणि नऊ श्वासांवर जपेन’ असा लहान नियम आधीच ठरवून ठेवावा. नऊ श्वासांत तीन मंत्र होतात. एवढे रानात झाडाखाली उभे राहूनही करता येते. उभ्याने करायचे असेल तर कायोत्सर्गाची मुद्रा घ्यावी : दोन पावलांत चार अंगुळांचे अंतर, हात मोकळे सोडलेले, पाठ ताठ, दृष्टी नासाग्री. कुंभोज-बाहुबली येथील बाहुबलींची २८ फुटी मूर्ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही मुद्रा वेगळी समजावून सांगावी लागत नाही. लिहून झालेले नाही म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट लिहून भरपाई करू नये. थकबाकीचा हिशेब सुरू झाला की अनादर येतो.

सुतक, आजारपण किंवा घरातल्या रीतीमुळे वही-माळेला हात लावायचा नसेल त्या दिवसांत मानस जप चालू ठेवावा. पवित्र-अपवित्र, सुस्थित-दुःस्थित कोणत्याही अवस्थेत पंचनमस्काराचे ध्यान करावे, हे आपल्या नित्यपूजेच्या आरंभीच म्हटले जाते. मन सतत खिन्न राहत असेल, झोप लागत नसेल तर या अभ्यासाबरोबर डॉक्टरांचा सल्लाही घ्यावा, आणि चालू असलेली औषधे स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

अष्टमी-चतुर्दशीला आणि दशलक्षण पर्वात हाच क्रम लांबवून ४८ मिनिटांचे, म्हणजे दोन घटिकांचे सामायिक करता येते : तीन पाने लेखन, एक माळ श्वासावर, नऊ मंत्रांचा कायोत्सर्ग आणि उरलेल्या वेळेत नुसते शांत बसणे. शांत बसण्याचा हा भाग वगळून त्या जागी दुसरी माळ घेण्याचा मोह बहुतेकांना होतो. तो टाळून पाहावा, कारण लेखन आणि जप यांनी मन जेथे आणून सोडले तेथे त्याला थोडा वेळ राहू देणे हाच सामायिकाचा गाभा आहे.

भरलेल्या वह्या

वर्षभरात दहा-बारा वह्या होतात. त्या रद्दीत जाऊ देऊ नयेत आणि नदीतही सोडू नयेत. कागद व शाई पाण्यात कुजल्याने जलचरांना होणारा त्रास हा अहिंसेच्या विरोधात जातो. घरात उंच फळीवर कोरड्या कापडात बांधून, प्रत्येक वहीवर आरंभाची व समाप्तीची तिथी घालून त्या ठेवाव्यात. नदीकाठच्या वस्तीत राहणाऱ्यांनी तर त्या तळमजल्यावर ठेवूच नयेत. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी किती घरांतले कागद गेले हे सांगलीकरांना सांगायला नको. पावसाळा संपल्यावर एकदा कपाटातून काढून सावलीत मोकळ्या कराव्यात आणि कसर लागली नाही ना हे पाहावे. जागा कमी पडू लागली तर बस्तीच्या शास्त्रभांडारात ठेवता येतील का, हे विश्वस्तांना किंवा उपाध्यांना (बस्तीच्या पुजाऱ्यांना) विचारावे. पाठशाळेतील मुलांना सुरुवातीचा नमुना म्हणून यांतल्या एक-दोन वह्या, समासातल्या पेन्सिलीच्या खुणांसकट, दाखवायला द्याव्यात.